पंचवीस पट्ट्यांची पेटी घेऊन जळगाव जामोदला

९ जानेवारी, शुक्रवार. जवळ रोख सहा हजार रुपये. हजर तिघे: मी, पत्नी सुनंदा आणि बुलढाण्याच्या स्टँडवर आम्हाला घ्यायला आलेला माझा जुना मित्र दिगंबर. त्याला त्याच्या आईखेरीज सगळे डिगू म्हणतात. सामान दोन पिशव्या आणि एक पेटी.

पेटी म्हणजे हार्मोनियम नव्हे. दीड फूट लांबीचा लाकडी खोका, वर पितळेच्या पंचवीस पट्ट्या, आत बॅटरी आणि हाताने बनवलेलं सर्किट. वायर जोडलेली एक काडी असते, ती पट्टीला टेकवली की सूर निघतो. १९८९ साली आम्ही तिघा मित्रांनी, वय वर्षं सतरा, ती बनवली. नंतर ती माझ्या पुण्यातल्या माळ्यावर पडून होती. आमची इमारत पाडून नवी बांधायची ठरली, माळा रिकामा केला, तेव्हा खाली आली. बॅटरी घालून पाहिली तर पंचवीसही पट्ट्यांतून एकच सूर, भुंग्यासारखा.

सुनंदा म्हणाली, "ही दुरुस्त करायला चारशे किलोमीटर? पुण्यात कुणी नाही?"

असतील. पण पेटीचं सर्किट ज्या व्यक्तीने आखलं ती सुजाता जळगाव जामोदला राहते. तिचं आणि माझं आठ वर्षं बोलणं नव्हतं आणि त्यात चूक माझी होती. मला तिची माफी मागायची होती, आणि जमलं तर तिला आमच्या मंडळात परत आणायचं होतं. पेटी हे निमित्त.

सुजाता आमच्याबरोबर आयटीआयला होती तेव्हा सगळे तिला मुलगा समजत. तिचं तेव्हाचं नाव इथे लिहीत नाही. त्याचं आता कुणाला काही काम नाही.

देऊळघाट

डिगू देऊळघाटला भाजीपाला करतो. त्याच्या वडिलांची पिठाची गिरणी होती, ती बंद होऊन बरीच वर्षं झाली. पण गिरणीमागची खोली तशीच आहे. मी बुलढाण्याहून सायकलने इथे यायचो. सुजाता मूळची जानेफळची, बुलढाण्याला वसतिगृहात राहायची. ती माझ्या सायकलच्या मागे बसून यायची. गिरणी चालू असली की तिची घरघर पेटीच्या आवाजात शिरायची, म्हणून आम्ही दुपारी, दळण बंद असताना काम करायचो. बाहेर पिठाचे डबे रांगेत ठेवलेले असत. आत वितळलेल्या कथलाचा धूर आणि पिठाचा वास एकमेकांत मिसळलेला असे. तो वास मला नंतर कुठेच मिळाला नाही. परवा खोलीचं दार उघडलं तेव्हाही मिळाला नाही; आत आता खतांच्या गोण्या आहेत. तरी मी थोडा वेळ उभा राहिलो.

तांब्याच्या पत्र्यावर सर्किटच्या रेषा आखायला तेव्हा आमच्याकडे नेलपॉलिश असायचं. रेषा त्याने रंगवायच्या आणि पत्रा रसायनात बुडवायचा. उघडं तांबं विरघळून जातं, नेलपॉलिशखालचं टिकतं. बुलढाण्याच्या बाजारात जाऊन नेलपॉलिश मागायला मी आणि डिगू लाजायचो. सुजाता निमूट आणायची. पहिला सूर निघाला तो भुंग्यासारखा, म्हणून आमचं नाव भुंगा मंडळ. पुढे असेच घरी आवाजाची यंत्रं बनवणारे इतर लोक जोडले गेले. वर्षातून एकदा आम्ही कुठेतरी जमतो, एरवी मोबाइलवर गट आहे. आज वहीत सुजाताचं धरून अठ्ठावीस नावं. नोंदवही पहिल्या दिवसापासून माझ्याकडे.

रात्रीच्या जेवणाला वांग्याचं भरीत होतं. पुण्यात आम्ही वांगं गॅसवर भाजतो. इथे कपाशीच्या वाळक्या काड्यांवर, म्हणजे पऱ्हाटीवर, भाजतात. वर कांद्याची पात आणि कच्चं तेल. सुनंदाने तीन भाकऱ्या खाल्ल्या. घरी ती दीड खाते.

डिगू म्हणाला, "उद्या जाऊन राह्यलो खरं. पन तू तिले काय सांगशीन?"

"चुकलं म्हणेन."

"काय चुकलं ते मालूम हाय काय तुले?"

मला वाटत होतं, माहीत आहे. आठ वर्षांपूर्वीच्या मेळाव्याला ती पहिल्यांदा साडी नेसून आली. दोघे उठून बाहेर गेले, बाकीचे आपापल्या यंत्रांत डोकं घालून बसले. ती माझ्यासमोर आली आणि म्हणाली, वहीत नाव बदल, सुजाता लिही. मी म्हणालो, "आधार कार्ड आण, नाहीतर गॅझेटचा कागद. मग बदलतो." मी सहकारी संस्थेत हिशेब सांभाळतो, कागदाशिवाय नोंद बदलायची नाही हे अंगात मुरलेलं. ती आपलं यंत्र पिशवीत भरून निघून गेली. मोबाइलच्या गटातूनही गेली.

"तूनं तिले आधार मागतलं," डिगू म्हणाला. "माह्यं मागतलं होतं काय? वहीत डिगू लिवेल हाय. डिगू कोन्या आधारवर हाय बे? वरणगावचा तो पप्पू, त्याचं खरं नाव तुले तरी ठाऊक हाय?"

नव्हतं. आजही नाही.

"छंदाचं मंडळ हाय लेका, रेशनचं दुकान नाही."

सुनंदा हसली, मग माझ्याकडे पाहून थांबली. मी डिगूला सांगितलं नाही की पिशवीत वही आहे आणि तिच्यात दुरुस्ती करून आणली आहे. ते जळगाव जामोदला दाखवायचं ठरवलं होतं.

राजूर घाट उतरताना

बुलढाणा उंचावर आहे. सकाळी आठला स्वेटर घालून एसटीत बसलो. घाटाच्या मधल्या वळणावर सामानाच्या फळीवरून आवाज सुरू झाला: भूंऽऽऽ. थांबेचना. घरी तपासताना घातलेली बॅटरी मी काढायला विसरलो होतो. धक्क्याने बटण दाबलं गेलं असावं.

कंडक्टर उठला. "काऊन वाजून राह्यलं हे? कोनाचं हाय?"

"मव्हाळ भरून आनलं काय रे?" मागच्या सीटवरच्या बाईंनी मधमाश्या समजून लुगड्याचा पदर नाकाला लावला.

चालकाने गाडी कडेला घेतली. मी पेटी खाली काढली आणि सांगू लागलो की हे घरी बनवलेलं वाद्य आहे. शब्द जितके जास्त तितका संशय जास्त. शेवटी डिगूने काडी हातात घेतली आणि पट्टीवर टकटक टेकवून, एकाच सुरात, बँडवाले वरातीत वाजवतात तो ठेका धरला. गाडी हसली. त्या बाई म्हणाल्या, "एवढं एकच येते काय याले?"

"सध्या एकच येते, मावशी. बाकीचे चोवीस आनाले चाल्लो."

बॅटरी काढून मी खिशात ठेवली. कंडक्टरने तीच मागून घेतली आणि उतरेपर्यंत स्वतःजवळ ठेवली. नियम म्हणून मला ते पटलं.

घाटाखाली हवा बदलते. स्वेटर निघाले. मोताळा, नांदुरा, मग पूर्णा नदीचा पूल. दोन्ही बाजूंना तूर कापणीला आलेली आणि शेवटच्या वेचणीची कपाशी. उत्तरेला सातपुडा आधी धुरासारखा दिसतो, मग निळा, आणि जळगाव जामोद आलं की झाडं मोजता येतील इतका जवळ. लहानपणी मी या रस्त्याने वडिलांबरोबर आलो होतो. तेव्हा मला वाटायचं, डोंगराच्या पलीकडे काही नसेल.

जळगाव जामोद, शनिवार

बाजाराच्या गल्लीत तिचं दुकान आहे. पाटीवर लिहिलं आहे, मिक्सर, मोटार स्टार्टर आणि बँडचे कीबोर्ड दुरुस्त करून मिळतील. खाली छोट्या अक्षरांत: सुजाता.

ती काउंटरच्या मागे पंख्याची गुंडाळी सोडत होती. सुती साडी, केस निम्मे पांढरे, चष्मा कपाळावर. डिगूला म्हणाली, "ये बे. जाड झाला." सुनंदाला बसायला स्टूल दिलं. मला म्हणाली, "पेटी आन इकडे."

खोक्याचे स्क्रू काढून तिने झाकण उचललं आणि बराच वेळ आत पाहत राहिली. हिरवट झालेल्या तांब्यावर काही ठिकाणी नेलपॉलिशचे गुलाबी डाग अजून होते.

"निंगालंच नाही हे," ती म्हणाली. मग माझ्याकडे न पाहता, "विलास, तू तवाही पै-पैचा हिशेब लिवत होता ना?"

"हो."

"तीन रुपयाची बाटली. एक पत्रा आखाले अर्धी पुरे. आपन महिन्यातून एक पत्रा करत होतो, अन् बाटली दर महिन्याले नवी येत होती. बाकी अर्धी कुठी गेली, कधी इचारलं नाही तूनं."

सुनंदा हळूच म्हणाली, "कुठे जायची?"

तिने दोन्ही हातांची बोटं काउंटरवर पसरली. "वसतिगृहाच्या गच्चीवर. पंधरा मिनिटं. मंग थिनरनं पुसून खाली याची. वास आला त सांगाची, सर्किट करून राह्यलो होतो. झकास बहाना होता तुमचा."

डिगू हसला, तीही हसली. मला वाटलं, हीच वेळ. मी म्हणालो, "सुजाता, आठ वर्षांपूर्वी मी तुला कागद मागितला ते चुकलं. मी नोंद बदलली आहे. बघ." आणि वही काढून तिच्यासमोर उघडून ठेवली. सदस्य क्रमांक तीन. जुन्या नावावर लाल शाईची एक सरळ रेघ, वर स्वच्छ अक्षरात सुजाता, बाजूला तारीख आणि माझी सही.

तिने चष्मा डोळ्यांवर घेतला, वाचलं आणि वही फिरवून माझ्याकडे तोंड करून ठेवली. लाल रेघेखालचं नाव मलाही दिसत होतं. अक्षरन् अक्षर.

डिगू वाकून बघत म्हणाला, "अबे, हे काय केलं?"

"हिशेबाचा नियम आहे," मी म्हणालो. "खाडाखोड करायची नाही. एकच रेघ मारायची, मूळ नोंद वाचता आली पाहिजे."

"कोनाले वाचाची हाय?" सुजाताने विचारलं.

आवाज चढवून ती बोलली असती तर मी काहीतरी बोललो असतो. तिने पेटीचं झाकण लावलं. "पेटी उद्या दुपारी तयार होईन. दोनशे ऐंशी रुपये. मंडळाचं मले काही सांगू नको, विलास. तुही वही तुह्यापाशी."

लॉजवर सुनंदाने उकडलेल्या तुरीच्या शेंगा सोलून माझ्यासमोर ठेवल्या. पुण्यात मटार खातात तशा इथे या दिवसांत तुरीच्या शेंगा. ती म्हणाली, "तुम्ही तिची माफी मागत होता की वही कशी नीट ठेवलीय ते दाखवत होता?" मी म्हणालो, दोन्ही. खरं बोलायचं तर तसंच होतं.

रविवार

सकाळी डिगूबरोबर बाजारातून दोनशे पानी नवी वही आणली. लॉजच्या खाटेवर बसून अठ्ठावीस नावं पुन्हा लिहायला घेतली. तिसऱ्या ओळीवर सुजाता लिहिलं आणि लगेच खोडलं. ती सदस्य नाही, मी परस्पर लिहिणं बरोबर नव्हतं. मग ते खोडलेलंही दिसू लागलं, म्हणून पान फाडलं आणि सत्तावीस नावं परत लिहिली. डिगू नुसता पाहत होता. म्हणाला, "तुह्यावानी मानूस गावात एकच असावा."

जुन्या वहीतलं ते पान मी फूटपट्टी लावून कापलं. माझ्या आयुष्यात नोंदवहीचं पान कापण्याची ती पहिली वेळ. चारला दुकानात गेलो तेव्हा ते सुजाताच्या हातात दिलं.

"हे तुझं. आणि चूक मला काल कळली. परवापर्यंत कळलेली नव्हती."

तिने पान पाहिलं, चुरगाळलं आणि काउंटरखालच्या डब्यात, वायरच्या सालींवर टाकलं. "बरं," म्हणाली. मग स्टूल पुढे सरकवून म्हणाली, "बस. चहा घे."

"मंडळात येशील?"

"नाही." तिने दुरुस्तीचे दोनशे ऐंशी मोजून घेतले आणि पेटी माझ्याकडे सरकवली. "राग नाही आता. पन माह्या रविवार इथंच भरते."

दुकानामागे पत्र्याची खोली आहे. दर रविवारी तिथे चार-सहा जण जमतात. त्या दिवशी सुजाताखेरीज दोघी होत्या. पूनम अंगणवाडी सेविका आहे, तिशीची. मोबाइलमध्ये आवाज भरून, कापून, एकावर एक रचून गाणी करते. तिने सांगितलं की मोबाइलवरच्या अशा गटांत ती आधी फक्त आद्याक्षर लावायची. नाव लिहिलं की लोक विचारायचे, "कोणी करून दिलं?" दुसऱ्या गुड्डीबाई, साठीच्या, किन्नर. बाळ झालं की जन्मभर घरोघरी बधाई गायल्या. आता गुडघे चालत नाहीत, म्हणून एका बँडने टाकून दिलेला ऑक्टोपॅड, म्हणजे विजेवरचा ढोल, सुजाताकडून दुरुस्त करून घेतला आणि तो शिकल्या. साडीचा पदर खोचून त्या समोर बसल्या होत्या.

पूनम म्हणाली, "गुड्डीबाई, एक टाळी द्या ना, भरून घेते."

"ही टाळी दुवाची हाय, पोरी. डब्बी में बंद नाही होत." मग माझ्याकडे वळून, "क्यों पुनेवाले, घबराए क्या? टाळी तुमच्यावर नाही मारत."

मी घाबरलो होतो. पुण्यात सिग्नलला ही टाळी ऐकू आली की मी काच वर करतो. ते त्यांना सांगितलं नाही, इथे लिहितो.

कोपऱ्यात लाल आकडे दाखवणारं एक यंत्र होतं. मी ते ओळखलं. आवाज सेकंदाला किती वेळा कंपतो ते मोजणारा काउंटर, पेटीच्या पट्ट्या सुरात लावायला आम्हीच बनवलेला. मंडळ सोडताना तिने तो नेला होता आणि मी वहीत 'गहाळ' लिहिलं होतं.

"हो, म्याच नेला," ती म्हणाली. "तुमच्या गटात सारे बोलून निरोप टाकत. शेवटी शेवटी म्या मोबाइलवर सुजाता नाव लावलं होतं; निरोप टाकला की लोक आधी नाव पाहत, मंग आवाज आयकत, मंग कोनीच काही नाही बोले. म्हून रोज पहाटे याच्यासमोर बसत होती. आवाज एकशे अठरा यायचा. म्या म्हटलं, बायांसारखा एकशे ऐंशी कराचाच. सहा महिने. गळ्यातून रक्ताची चव याले लागली, पन एकशे चाळीसच्या वर काही जाये ना."

"मग?"

उत्तर गुड्डीबाईंनी दिलं. "मग मी आली ऑक्टोपॅड घेऊन. ही घसा धरून बसलेली, मशीन से बात कर रही. मी म्हटलं, बाई, हा डबा तुझ्याशी लगीन करनार हाय का? माझा आवाज ऐक. घोगरा हाय. कोनी घरातून परत नाही पाठवलं मला."

"तवापासून एकशे चाळीस," सुजाता म्हणाली. "तेवढीच हाय मी. पट्ट्या लावाले काउंटर बरा, मानसाले नाही."

मग तिने माझ्या हातात काडी दिली. पेटीत चार सांधे सुटलेले होते आणि एक भाग जळालेला, तिने बदलला होता. पहिली पट्टी, दुसरी, तिसरी. सूर वेगवेगळे, थोडे थरथरते, अगदी १९८९ चे. गुड्डीबाईंनी ठेका धरला, पूनमने अंगणवाडीतल्या पोरांच्या हसण्याचा तुकडा त्यात सोडला, डिगू तोंडाने गिरणीच्या पट्ट्याचा आवाज काढू लागला. मला एकच जुनी चाल येते, तीही अर्धी. ती मी चार वेळा वाजवली. गिरणीमागच्या खोलीत आम्ही तिघे होतो तेव्हा आपण काय बनवतोय ते माहीत नव्हतं, तरी पेटी वाजली की एकमेकांकडे पाहायचो. सुजाताने तसंच पाहिलं. मी पट्टी चुकलो.

साडेसहाला आवरताना डिगू म्हणाला, "तुमच्यात यायचं त काय करा लागते? देऊळघाटाहून महिन्यातून एकडाव येईन मी." मी म्हणालो, मलाही घ्या, पुण्याहून वर्षातून दोनदा तरी जमेल. सुनंदा म्हणाली, "आणि मला. मी यांना घेऊन येईन."

सुजाताने गुड्डीबाईंकडे बोट केलं. "वही त्याहिच्यापाशी हाय. वर्षाचे शंभर."

गुड्डीबाईंनी पिशवीतून एक पाकीटवजा वही काढली आणि पेनचं टोपण दातांनी ओढलं. "बोला. नाव काय लिहू?"

"विलास."

"डिगू."

मग त्यांनी सुनंदाकडे पाहिलं.

"मंगल," ती म्हणाली.

डिगू माझ्याकडे पाहू लागला. त्याला तिचं माहेरचं नाव माहीत असायचं कारण नव्हतं. सत्तावीस वर्षांपूर्वी, आमच्या लग्नाच्या संध्याकाळी, ताटात पसरलेल्या तांदळात मी अंगठीने सुनंदा असं लिहिलं. नाव माझ्या आईने निवडलं होतं. पेढे वाटले आणि दुसऱ्या सकाळपासून घरादाराने, शेजाऱ्यांनी, रेशनच्या कार्डाने तेच नाव चालवलं. तिला कुणी विचारलं नव्हतं. मीही नाही. कागद तर कुणीच मागितला नव्हता.

"मंगल," गुड्डीबाईंनी मोठ्याने म्हणत लिहिलं. "छान नाव. पैसे काढा."

शेवटी दिले ते असे: वर्गणी प्रत्येकी शंभर, एकूण तीनशे रुपये. घेणार गुड्डीबाई. देणार विलास, डिगू आणि मंगल.